दात येलालेत!

सोलापुरात दात ही चैनीची वस्तू नाही. बाकीच्या गावांत माणसं दात हसायला वापरत असतील, फोटोत दाखवायला वापरत असतील. आमच्याकडे ते हत्यार म्हणून लागतात. या गावाचा जीव कडक भाकरीत आहे. ज्वारीची पातळ भाकरी मुद्दाम वाळवून अशी खडखडीत करायची, की हातातून पडली तर आधी फरशीला लागलं का ते बघावं. अशा गावात बोळकं तोंड घेऊन जन्माला येणं म्हणजे तिकीट न काढता गाडीत बसण्यासारखं आहे. काही दिवस चालतं. मग कुणीतरी विचारतंच.

आमच्या मुलीला सहा महिने पुरे झाले आणि सगळे विचारायला लागले.

मे महिना होता. बाहेर 43 अंश, आत पंखा तीच हवा फिरवून फिरवून परत देत होता, आणि रात्री अडीचला आमच्या घरात भोंगा झाला. ज्यांनी सोलापूरच्या गिरण्या पाहिल्यात त्यांना भोंगा समजावून सांगायला नको. 1877 सालची जुनी मिल उभी राहिली तेव्हापासून हे गाव भोंग्यावर उठलं, भोंग्यावर जेवलं. गिरण्या बंद पडल्या, भोंगे गप झाले, असं आम्ही समजून चाललो होतो. माझ्या वडिलांचं अर्धं आयुष्य गिरणीत गेलेलं. पहिल्या रात्री ते अंथरुणात उठून बसले आणि म्हणाले, "तिसरी पाळी लागली काय रे?"

लागली होती. ती माझी होती.

पहिलं निदान सकाळी दूधवाल्याने केलं. मी दारात पातेलं घेऊन उभा, डोळे लाल, आतून रडण्याचा आवाज. तो दूध ओतता ओतता म्हणाला, "दात येलालेत की ओ."

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, 'येलालेत' म्हणजे 'येत आहेत'. सोलापुरी क्रियापदात एक 'ला' जास्तीचा असतो. तो कशाला, असं व्याकरणवाल्यांनी विचारू नये. शेंगा चटणीवर तेल जास्तीचं का, असं विचारता का?

त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरं निदानच उरलं नाही. मुलगी जेवली नाही, दात येलालेत. जास्त जेवली, दात येलालेत. कान ओढला, मूठ चोखली, चप्पल चाखली, आत्याला बघून तोंड फिरवलं, सगळ्यामागे दात. आत्याला हे कारण फार आवडलं. एका दुपारी लाइट गेली आणि इन्व्हर्टर कुंईकुंई करायला लागला, तर वडील पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "त्यालाबी येलालेत काय बघ."

सगळ्यात मोठा पुरावा लाळेचा. आमच्या शहरात नळाला पाणी येतं ते चार-पाच दिवसांआड. इथल्या बायका पंचांग बघत नाहीत, पाण्याचा दिवस बघतात. त्या शहरात आमच्या मुलीची लाळ चोवीस तास, पूर्ण दाबाने चालू. दिवसाला आठ-आठ लाळेरी भिजायची. ती धुवायला पाणी नाही आणि भिजवायला मात्र भरपूर, असा तो हिशेब होता. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की लाळेचा आणि दाताचा संबंध आपण मानतो तेवढा घट्ट नसतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून लाळेच्या ग्रंथी जोरात कामाला लागतात. बाळाला ती गिळायची कशी हे माहीत नसतं, आणि अडवायला पुढे दातांचा बांधही नसतो. पण हे मी घरी सांगितलं नाही. घरातला एकमेव एकमताचा मुद्दा कशाला मोडा?

आता आईची सहाण. आमच्या आईकडे एक कापडी बटवा आहे, त्यात वेखंड, मायफळ, जायफळ, हळकुंड, हिरडा, मुरडशेंग, सुंठ, अतिविष, ज्येष्ठमध, काकडशिंगी अशी मंडळी राहतात. दिसायला सगळी सुकलेल्या फांद्यांसारखी, पण आईला अंधारातही ओळखू येतात. सहाणेवर दुधाचे दोन थेंब टाकायचे आणि कुणाचा एक वेढा, कुणाचे दोन, असा हात फिरवायचा. वेखंडाचे किती आणि मायफळाचे किती, हा हिशेब जगात कुठेही लिहिलेला नाही. तो आईच्या मनगटात आहे. दाताचं खास औषध वेगळं: डिकेमाली. हा एका झाडाचा डिंक आहे आणि त्याचा वास ज्याने एकदा घेतला त्याला दातदुखी, पोटदुखी किंवा दुसरं काहीही दुखत असल्याचं आठवत नाही. हिरडीला चोळतात म्हणे. माझ्याही चोळली होती. माझ्या स्वभावातला थोडा कडवटपणा तिथून आलेला असावा.

बायको शाळेत विज्ञान शिकवते आणि मे महिन्यात तिला सुट्टी असते, हा योग जुळून आला. एका बाजूला सहाण, दुसऱ्या बाजूला मोबाइल. टाकणखाराची लाही मधात खलून हिरडीला लावायचा प्रस्ताव आला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आई, टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो पोटात गेला तर विष आहे. आणि मध वर्षाच्या आत द्यायचाच नसतो, त्यातल्या जंतूंच्या बीजांनी लकवा होऊ शकतो." आई तेवढ्याच शांतपणे म्हणाली, "ह्याला दिला होता." दोघींनी माझ्याकडे बघितलं. बायकोची नजर जरा जास्त वेळ रेंगाळली. जणू बऱ्याच दिवसांच्या कोड्याचं उत्तर मिळालं.

संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वराच्या मंदिराजवळ संमती कट्टा आहे. तिथे संमती वाचल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. आमच्या घरी तो कट्टा म्हणजे आईचा पाट. तिथून संमती आल्याशिवाय पोरीच्या हिरडीला कुणाचं बोटही लागत नसे. फरक एवढाच, की यात्रेत संमती वर्षातून एकदा वाचतात, आमच्याकडे दर तासाला. आणि यात्रेचे नंदीध्वज जसे शहराभोवतीच्या अडुसष्ट लिंगांना फिरून येतात, तसे आमच्या पोरीचे दात पेठेतली अडुसष्ट घरं फिरून आले. प्रत्येक घराचा एक उपाय.

या गावात सल्ला एका भाषेत मिळत नाही. शेजारच्या अज्जी कानडी बोलतात. त्यांच्या मते 'हल्लु' यायचा झाला की गळ्यात वेखंडाची माळ घालायची. वरच्या मजल्यावरच्या अम्मा तेलुगू. त्यांच्या सासऱ्यांचे आजोबा तेलंगणातून हातमाग घेऊन आले, पूर्व भागातल्या कितीतरी घरांचे आले तसे. त्यांचा शब्द 'पन्नु'. एकाहून जास्त झाले की तेलुगूत 'पळ्ळु', आणि गंमत अशी की फळांनाही 'पळ्ळु'च. दोन दिवस आई त्यांना सांगत होती की पोरीला अजून फळं पचणार नाहीत, आणि त्या म्हणत होत्या की येऊ तर द्या आधी. दुकानात येणाऱ्या एका चाचींनी दखनी उर्दूत समजावलं की दांत आनेकू हैं तो बच्ची रोतीच, तुम काय को रोते. एवढ्या अडुसष्ट सल्ल्यांत हा एकच मला उद्देशून होता.

मेव्हण्याचं प्रकरण वेगळं. वरचे दात आधी आले तर मामाला जड, असा आपल्याकडे समज आहे. बाळाने पहिला दात वर काढायचा आणि भोगायचं बार्शीतल्या माणसाने, ही न्यायव्यवस्था कुणी बसवली ठाऊक नाही, पण मेव्हणा एरवी विज्ञाननिष्ठ माणूस. खताचं दुकान आहे, माती परीक्षणाशिवाय बोलत नाही. त्याचा रोज रात्री नऊला फोन यायचा. सुरुवातीला "कशी आहे पोरगी?" असा. चौथ्या दिवसापासून थेट, "खालचा का वरचा?" मी म्हणायचो, "अजून काहीच नाही." तो म्हणायचा, "बरं, बरं," आणि त्या दोन 'बरं'मध्ये त्याने वरचे दात, मामाने द्यायची चांदीची वाटी आणि चांदीचा आजचा भाव असा सगळा ताळेबंद केलेला ऐकू यायचा. वास्तविक बहुतेक बाळांना खालचे मधले दोनच आधी येतात. मामा लोकांची काळजी निसर्गाने घेतलेली आहे. पण ही धास्ती जुनी आहे. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात एक सूक्त याच विषयावर आहे: बाळाच्या तोंडात खालच्या बाजूला तोंड करून वाढलेल्या दोन दातांना वाघ म्हटलंय आणि विनवलंय की तांदूळ खा, जव खा, उडीद खा, तीळ खा, पण आईबापाला इजा करू नका. मामाचा त्यात उल्लेख नाही. ते कलम नंतर घुसवलेलं दिसतं.

वेदातलं हे मला सांगितलं ते दुकानात टेकणाऱ्या वैद्यबुवांनी. आमचं नव्या पेठेत चादरी-टॉवेलचं दुकान. निवृत्तीनंतर ते रोज दुपारी कूलरसमोरच्या गादीवर बसतात, टॉवेल घेत नाहीत, ज्ञान देतात. दात म्हटल्यावर ते सरसावून बसले. म्हणाले, वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त सांगून ठेवलंय की मांजराची पाठ मोडताना, मोराला तुरा फुटताना आणि बाळाला दात येताना अंगाचा एकही भाग दुखायचा राहत नाही. मी दचकलो. मोराचं माहीत नाही, पण आमच्या घरातल्या रात्रीच्या आवाजाचं याहून नेमकं वर्णन मला सुचलं नसतं.

"आणि काश्यपसंहितेत तर दातांच्या जन्मावर अख्खा अध्याय आहे," वैद्यबुवा म्हणाले. "मुलींच्या हिरड्या मऊ, म्हणून त्यांना दात सुखाने येतात. त्रास मुलांना."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ग्रंथकर्ता विद्वान होता यात शंका नाही. पण तो आमच्याकडे रात्री अडीचला आलेला नव्हता.

"कितवा महिना?"

"सातवा चालूय."

त्यांनी मान हलवली. चौथ्यात आले तर दात दुबळे, पाचव्यात, सहाव्यात, सातव्यातही काही ना काही खोट. आठव्यात आलेले सर्वगुणसंपन्न. मी घरी जाऊन ही वार्ता सांगितली, की पोरगी उशीर करत नाहीये, मुहूर्त बघतीय. आईला ते पटलं. बायको म्हणाली, "तिला सांगा, मुहूर्त दिवसा काढ."

तिसऱ्या पाळीत माणसाला वाचण्याखेरीज उद्योग नसतो. एका हाताने झोळी ओढायची (झोळी अर्थात सोलापुरी चादरीची, तीस वर्षांपूर्वीची, मोर अजून शाबूत) आणि दुसऱ्या हातात मोबाइल. त्या उजेडात मी जगाचा दातांचा इतिहास वाचून काढला, आणि डिकेमालीबद्दलचं माझं मत बरंच निवळलं. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या राजांचा शल्यविशारद आंब्रोआझ पारे याने हिरडी चिरून दाताला वाट करून द्यावी असं सांगितलं, आणि पुढची तीनशे वर्षं युरोपातले डॉक्टर बाळांच्या हिरड्या चिरत राहिले. इंग्लंडमध्ये 1839 साली पाच हजारांवर मृत्यूंचं कारण सरकारी नोंदवहीत 'दात येणे' असं लिहिलं गेलं. बाळ ज्या वयात दगावायचं त्याच वयात दात यायचे, एवढाच त्या बिचाऱ्या दातांचा गुन्हा. अमेरिकेत 1849 पासून एक 'शामक सरबत' विकलं जाई. त्याने बाळं लगेच शांत होत, कारण त्यात मॉर्फिन होतं. काही बाळं फारच शांत होत. इंग्लंडातल्या दाताच्या पुडीत पारा असायचा. ती दिल्याने पोरांचे हातपाय गुलाबी होऊन सोलले जायचे, आणि या नव्या रोगाचं कारण शोधण्यात डॉक्टरांची विसाव्या शतकातली काही दशकं गेली. 1950 च्या दशकात पुडीतून पारा काढला आणि रोग गेला. आपल्याकडे मुंबईच्या गिरणगावात आया कामावर जाताना तान्ह्यांना अफूची बाळागोळी द्यायच्या. दुसरा इलाज त्यांच्याकडे नव्हता. ग्राइप वॉटरसुद्धा 1851 साली इंग्लंडमध्ये निघालं तेव्हा त्यात मद्यार्क होता. आमच्या आधीच्या पिढ्या "आमची पोरं कधी रडली नाहीत" असं जे सांगतात, त्याकडे मी आता वेगळ्या नजरेने बघतो.

याच वाचनात क्लीव्हलँडचा अभ्यास सापडला, 2000 साली छापलेला. सव्वाशे बाळांच्या आईबापांनी रोज नोंदी ठेवल्या, 475 दात निघेपर्यंत. चावणं, लाळ, हिरडी चोळणं, चिडचिड, झोपमोड हे सगळं दाताच्या आधी चार दिवस, दाताचा दिवस आणि नंतरचे तीन दिवस एवढ्या आठ दिवसांत थोडं वाढतं. पण लक्षणांवरून दात येणार हे कुणालाच सांगता येत नाही, आणि मोठा ताप तर दाताने येतच नाही. मी व्यापारी माणूस. लगेच हिशेब मांडला: दुधाचे दात वीस, दर दाताला आठ दिवस, झाले एकशेसाठ. जोडीने आले तर निम्मे. घाऊकमध्ये घेतलेलं नेहमी परवडतं.

पण पोरगी गेले बावीस दिवस रडत होती. म्हणजे बाकीचे चौदा दिवस ती कशाला रडत होती, हा प्रश्न उरतो. 43 अंशांत, वीज गेलेली असताना, गळ्यात वेखंडाची माळ, अंगावर आत्याने विणलेला लोकरी झबला आणि भोवती चार भाषांत बोलणारी नऊ माणसं असताना एखादं बाळ कशाला रडत असेल, याचा अभ्यास क्लीव्हलँडमध्ये झालेला नाही.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. आमचे बालरोगतज्ज्ञ सावकाश बोलतात. रोज शंभर आज्यांना तोंड देणाऱ्या माणसाची ती शांतता आहे. त्यांनी पोरीला बघितलं, मग आम्हाला बघितलं. आजारी कोण आहे ते त्यांनी तेव्हाच ओळखलं असणार. म्हणाले, दात काय आज बनत नाहीत, पोटात असल्यापासून हिरडीत तयार होतायत. फक्त बाहेर डोकावतात आत्ता. याच वयात आईकडून आलेली प्रतिकारशक्ती ओसरते आणि याच वयात पोर दिसेल ते तोंडात घालतं, म्हणून जुलाब होतात, ताप येतो, आणि नाव दाताचं होतं. ताप 38 अंशांच्या, म्हणजे फॅरनहाइटवर 100.4 च्या वर गेला तर दातावर ढकलून घरी बसू नका, घेऊन या. हिरडी बधिर करायची जेल नको, त्यातल्या औषधाने बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होऊ शकते. पुडी नको. गळ्यात माळ तर आधी काढा, फास लागतो. आई माझ्या पाठीमागे उभी होती. तिने पोरीच्या गळ्यातली माळ काढून कमरेच्या पिशवीत टाकली ती इतक्या सफाईने, की डॉक्टरांनाच भास झाल्यासारखं वाटावं.

"मग करायचं काय?" बायकोने विचारलं.

"हात स्वच्छ धुऊन बोटाने हिरडी चोळा. आणि एक स्वच्छ टॉवेलचा तुकडा ओला करून फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नाही. गार झाला की चावायला द्या."

"टॉवेल?" मी म्हणालो.

"टॉवेल. जगभर हेच सांगतात, अमेरिकेतल्या डॉक्टरांची संघटनासुद्धा हेच सांगते." त्यांनी चष्मा वर केला. "तुमचं दुकान कशाचं आहे?"

मी गप्प बसलो, कारण त्या वेळी माझ्या खिशातला फोन वाजला आणि कुरिअरवाला सांगत होता की तुमचं पार्सल आलंय.

पार्सलमध्ये सिलिकॉनचा हत्ती होता. 349 रुपये, निळा, चार पाय चावायला, सोंड हिरडी घासायला. तळाशी बारीक अक्षरांत, चीनमध्ये तयार. सोलापूरने 1938 साली आपल्या मातीतला एक डॉक्टर, द्वारकानाथ कोटणीस, चीनला पाठवला. युद्धातल्या जखमींची सेवा करता करता ते 1942 साली तिकडेच गेले. तिथे अजून त्यांचं नाव आदराने घेतात. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी त्या देशाने त्याच गावातल्या एका पोरीच्या हिरड्यांसाठी हत्ती पाठवला. मला भरून आलं. पोरीला नाही आलं. तिने हत्तीची सोंड तोंडात घातली, माझ्याकडे बघितलं आणि तो जमिनीवर टाकला. पुन्हा दिला, पुन्हा टाकला. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात, हे तिला सातव्या महिन्यात समजलं.

मग मी दुकानातून टॉवेल आणला. आता हे माझं क्षेत्र. बाकी कशात मला कुणी विचारत नाही, पण टेरीत विचारा. साध्या कापडात एक ताणा आणि एक बाणा. टेरीत ताणे दोन. एक ताठ ओढलेला, तो अंग धरतो. दुसरा ढिला सोडलेला. फणी ठोकली की ढिल्या ताण्याचे फास वर उभे राहतात, तेच लूप, तेच पाणी पितात. सोलापुरी चादरीप्रमाणे आमच्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालंय, ते काय उगाच नाही. रंगीत बाद केले, रंग कच्चा निघाला तर पोरीची जीभ जांभळी. पाचशे जीएसएम जड होतो, दोनशेचा झिरझिरीत. चारशे जीएसएम, पांढरा, कडा दुहेरी शिवलेल्या, सुटा धागा एकही नाही. घरी आणून जाहीर केलं की नव्या टॉवेलला खळ असते, आधी तीन पाण्यांतून काढावा लागेल.

"तीन?" आई आणि बायको एकदम म्हणाल्या. बावीस दिवसांत पहिल्यांदा दोघींचं मत एक झालं. "पाणी परवा येणाराय."

परवापर्यंत थांबलो. परवा पाणी आलं पहाटे चारला. मी, बायको, आई आणि वडील नळापाशी उभे. पिंप, घागरी, बादल्या सगळं बाजूला आणि पहिला मान टॉवेलला. सहा वाजता तो फ्रीजमध्ये गेला, लोण्याच्या डब्याशेजारी. सातला बाहेर काढला. पोरीने दोन्ही मुठींत धरला, कोपरा तोंडात घातला आणि जबडा चालवायला लागली. चक्, चक्, चक्. चेहऱ्यावर असा भाव, की इतके दिवस तुम्ही सगळे होतात कुठे. वडील खुर्ची ओढून समोर बसले आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आपलं सूत आहे."

शांतता झाली. घरात करायला काही उरलं नाही, तशी मंडळी जरा बेचैन झाली. आईने दोनदा दृष्ट काढली. अज्जी येऊन टॉवेलला हात लावून गेल्या. आत्याने विचारलं, रडत नाही म्हणजे बरं आहे ना?

दात सापडला आठव्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी, काश्यपांच्या मुहूर्तावर. अम्मा वरून मऊ वरण-भात घेऊन आल्या होत्या. स्टीलचा चमचा तोंडात गेला आणि आवाज आला, टिक. अम्मांचा हात थांबला. त्यांनी चमचा पुन्हा लावला. टिक. "पन्नु वच्चिंदि!" अशी आरोळी जिन्यावरून खाली गेली, भिंतीपलीकडून "हल्लु बंतु?" असा प्रश्न आला, आणि पाच मिनिटांत आमच्या पोरीच्या तोंडात डोकावणाऱ्यांची रांग लागली. खालच्या हिरडीत ज्वारीची कणी टोचून ठेवावी तेवढा पांढरा ठिपका. ती रांगेकडे बघून हसत होती, म्हणून तरी तो दिसला.

रात्री नऊला फोन आला. "खालचा," मी म्हणालो. बार्शीहून सुटकेचा निःश्वास आला. "तरी वाटी घेऊन येतो," तो उदारपणे म्हणाला. "स्टीलची."

श्रेयाचं वाटप दोन दिवस चाललं. अज्जींच्या मते ते माळेचं, डॉक्टरांनी काढायला लावण्याआधी ती बारा दिवस गळ्यात होती. बायकोच्या मते दात दात असल्यामुळे आला. वडील टॉवेलच्या बाजूने. आईने कुणाच्याच बाजूने काही म्हटलं नाही. पण रात्री मी पोरीला उचललं तेव्हा तिच्या हनुवटीशी तो ओळखीचा वास आला, जन्मात न विसरणारा. मी आईकडे बघितलं. आई सहाण पुसत होती. मी काही बोललो नाही.

वैद्यबुवांना सांगितलं तेव्हा ते गादीवर आडवे झाले होते. म्हणाले, वाग्भटाने तेही सांगितलंय, दाताच्या दुखण्यांपायी पोराला फार बंधनात घालू नये, दात आला की ती दुखणी आपोआप शमतात.

"हे आधी का नाही सांगितलं?"

"आधी सांगितलं तर वैद्याकडे कोण येईल ओ?" त्यांनी कूलरचं तोंड स्वतःकडे वळवलं.

परवा दुकानात एक बाई आल्या, कडेवर नातू. नातवाची मूठ तोंडात, हनुवटीवरून ओघळ. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "दात येलालेत." माझ्या अंगात आलं. मी पांढरा, चारशे जीएसएम काढून टेबलावर पसरला, लूप दाखवले, दुहेरी शिवण दाखवली, तीन पाण्यांतून काढा म्हणालो, फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको, माळ घालू नका, मध देऊ नका, 100.4 च्या वर ताप गेला तर. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग टॉवेल घडी करून माझ्याकडे सरकवला.

"ते नको ओ. ते मोबाइलवर येतं बघा, रबराचं, हत्तीवालं. ते कुठं मिळतं?"

गल्ल्याचा खालचा खण उघडला. निळा हत्ती तिथेच होता, सोंड वर करून. बाईंनी उलटसुलट बघितला, तळाची बारीक अक्षरं वाचली, पायाला नख लावून बघितलं.

"केवढ्याला?"

"349."

"दोनशेला द्या," त्या म्हणाल्या, "चावलेला दिसलालाय."